मॅक संगणकावरील विकास-साधने : अद्ययावत करणे व पुन्हा बसविणे



या अंकातील अभ्यासलेख संगणक विषयाचा आहे. २०२५ च्या डिसेंबर महिन्यात आपल्या संगणक कक्षात जे घडले ते बहुतेकांच्या कानावर आलेच आहे. प्रत्येकाच्या कानावर ते वेगवेगळ्या रूपात गेले आहे असे दिसते. कोणी म्हणतात वीज गेली, कोणी म्हणतात विषाणू शिरला. वस्तुस्थिती अशी की चूक आमची होती. ती कशी झाली हे सांगता सांगता धडाही शिकविता येईल, म्हणून हा लेखनप्रपंच.

नववीच्या दोन मुलींनी शाळेच्या गच्चीवरील पर्जन्यमापकाच्या तीन वर्षांच्या नोंदी पायथन भाषेत एक लहान कार्यक्रम लिहून आलेखात मांडल्या होत्या. उणकल तलावाच्या बाजूने येणारा पाऊस कोणत्या महिन्यात किती पडतो, हे त्या आलेखावरून एका दृष्टिक्षेपात कळत असे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाला चार दिवस राहिले असताना आम्हांला वाटले, पाहुणे येणार, तर सर्व यंत्रे अद्ययावत असावीत. शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर आम्ही कक्षातील मॅक संगणकांची कार्यप्रणाली व्हेंचुरावरून सिकोयावर नेण्यास सांगितले. सोमवारी सकाळी त्यातील एक मुलगी दारात उभी. म्हणाली, "सर, यंत्र म्हणतंय पत्ताच चुकीचा आहे."

पत्ता चुकीचा म्हणजे काय, हे समजून घेण्यापूर्वी ही 'साधने' म्हणजे काय ते पाहू. आमचे सर्व शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तेथील पारिभाषिक शब्दावलीत संगणकाला 'अभिकलित्र' असा भारदस्त शब्द होता, त्यामुळे त्या यंत्राची भीतीच जास्त वाटे. परंतु 'टूल्स' या शब्दाला हिंदीत 'औजार' म्हणत, ते मात्र अगदी नेमके आहे. सुताराकडे करवत, रंधा, पटाशी असते, तशी कार्यक्रम लिहिणाऱ्याकडे अवजारे असतात. आपण लिहिलेला मजकूर यंत्राच्या भाषेत उतरविणारा संकलक (मॅकवर त्याचे नाव क्लँग), निरनिराळे भाग जोडणारा लिंकर, ठरलेल्या क्रमाने कामे करून घेणारा मेक आणि लिखाणाच्या प्रत्येक टप्प्याची नोंद ठेवणारा गिट. हे गिट लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये निर्माण केले.

ॲपल कंपनी ही अवजारे दोन प्रकारे देते. एक मोठी पेटी, तिचे नाव एक्सकोड. ती २००३ साली पँथर या कार्यप्रणालीबरोबर आली. आयफोनसाठी ॲप तयार करावयाचे तर हीच लागते, आणि ती उतरवून घ्यावयाची तर कित्येक गिगाबाईट खर्ची पडतात. दुसरी लहान पेटी म्हणजे कमांड लाईन टूल्स. २०१२ मध्ये एक्सकोड ४.३ पासून ही वेगळी मिळू लागली. पायथन, सी, गिट एवढेच शिकणाऱ्या शाळकरी मुलाला ही लहान पेटी पुरते. अनेक पालक मुलांच्या हट्टास्तव घरी मोठी पेटी उतरवून घेतात आणि मग संगणकात जागा उरली नाही म्हणून तक्रार करतात. त्यांनी हे लक्षात घ्यावे.

आता पत्त्याची गोष्ट. नव्या मॅकवर टर्मिनल उघडून 'गिट' असे टाईप केले तर गिट तेथे आहे असे वाटते, परंतु खरे गिट तेथे नसते. असते ती नुसती खिडकी. सरकारी कचेरीत 'दाखले येथे मिळतील' अशी पाटी असते व आत कारकून बसलेला असतो, तशी ही व्यवस्था आहे. खिडकीवर गेलेला माणूस आत पाठविला जातो, आणि आत कोणत्या खोलीत जावयाचे हे एका ठिकाणी लिहून ठेवलेले असते. त्या लिहिलेल्या पत्त्यावर खोलीच नसेल तर खिडकी म्हणते, 'ॲक्टिव्ह डेव्हलपर पाथ' अवैध आहे. कार्यप्रणालीची मोठी आवृत्ती बदलली की पुष्कळदा असे होते. कारण अवजारे कार्यप्रणालीच्या मापाने बनविलेली असतात. घर मोठे झाले, जुनी खोली पाडली, पण दारावरची पाटी तशीच राहिली.

२०१४ च्या नोव्हेंबरात आपल्या हुबळीचे अधिकृत नाव हुब्बळ्ळी झाले. तरीही जुन्या नावाने टाकलेले पत्र आपल्याला मिळतेच, कारण टपालवाल्याला दोन्ही नावे ठाऊक आहेत. संगणकाला असा टपालवाला नाही. एक अक्षर इकडचे तिकडे झाले की त्याचे पत्र परत.

आपल्या कक्षात पाच मॅक आहेत आणि गंमत म्हणजे तीन यंत्रांवर तीन निरनिराळे दुखणे निघाले. ते सविस्तर सांगतो, कारण घरी मॅक असलेल्यांना यांपैकी एखादे तरी कधीतरी भेटणारच. (आज्ञांचे उच्चार येथे देवनागरीत दिले आहेत. टाईप करताना त्या इंग्रजी लहान अक्षरांत कराव्यात. मूळ आज्ञा कक्षाच्या फळ्याशेजारी लावल्या आहेत.)

पहिल्या यंत्रावर लहान पेटी होती, ती निकामी झाली होती. यावर साधा उपाय म्हणजे टर्मिनलमध्ये 'एक्सकोड-सिलेक्ट', मग एक जागा सोडून, दोन आडव्या रेघा व त्यांना चिकटून 'इन्स्टॉल'. ही सोय २०१३ च्या मॅव्हरिक्सपासून आहे. पडद्यावर एक लहान चौकट येते, ती संमती विचारते, मग पेटी उतरू लागते. कधी कधी मात्र यंत्र म्हणते, साधने आधीच बसविलेली आहेत. ती आहेत पण चालत नाहीत, अशा वेळी जुनी काढून नवी बसवावी लागतात. मुख्य डिस्कवरील लायब्ररी, त्यातील डेव्हलपर, त्यातील कमांडलाईनटूल्स हे फोल्डर काढावयाचे आणि वरील आज्ञा पुन्हा द्यावयाची. चौकटीने नकार दिला तर ॲपलच्या विकसकांसाठी असलेल्या संकेतस्थळावरून ती पेटी स्वतंत्रपणे घेता येते. त्यासाठी ॲपलचे विनामूल्य खाते पुरते. ९९ डॉलर वार्षिक वर्गणीचे सदस्यत्व घेण्याचे कारण नाही.

दुसऱ्या यंत्रावर पूर्वी मोठी पेटी होती. जागा होत नाही म्हणून कोणीतरी ती कचरापेटीत टाकली, परंतु लिहून ठेवलेला पत्ता तिचाच राहिला. लहान पेटी आत शाबूत असूनही खिडकी लोकांना पाडलेल्या खोलीकडे पाठवीत होती. येथे नवीन काही उतरविण्याची गरजच नव्हती. 'एक्सकोड-सिलेक्ट'ला 'प्रिंट-पाथ' जोडून विचारले की सध्याचा पत्ता दिसतो, आणि 'रीसेट' जोडले की तो मूळपदावर येतो. एका मिनिटाचे काम. आम्ही त्यापूर्वी दीड तास वाया घालविला. आधी पत्ता विचारावा, मग हातोडा घ्यावा, एवढे त्या दिवशी कळले.

तिसऱ्या यंत्रावर मोठी पेटी नुकतीच अद्ययावत झाली होती. तेथे गिटची तक्रार वेगळी होती. परवान्याच्या अटी मान्य केलेल्या नाहीत, म्हणून काम करणार नाही. मुलांना वाटले, यंत्र बिघडले. 'सुडो एक्सकोडबिल्ड -लायसन्स' अशी आज्ञा देऊन अटी वाचाव्यात व मान्य कराव्यात, की काम सुरू. येथे एक गोष्ट सांगून ठेवतो. 'सुडो' म्हटले की यंत्र व्यवस्थापकाचा परवलीचा शब्द विचारते आणि तो टाईप करताना पडद्यावर काहीही उमटत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. सातवीच्या एका मुलाने कळफलक बिघडला असे समजून तो उलटा करून झटकला होता. कळफलक ठीक असतो. न पाहता टाईप करावे व एंटर दाबावे.

आता 'सुडो'विषयी गंभीरपणे. हा शब्द म्हणजे शाळेच्या सर्व कपाटांच्या किल्ल्यांचा जुडगा आहे. त्याच्याबरोबर 'आरएम' ही पुसण्याची आज्ञा आली तर पुसलेली वस्तू कचरापेटीत जात नाही, ती जाते ती जातेच. आणि नावामध्ये रिकामी जागा असेल तर यंत्र ते एक नाव न समजता दोन समजते. ही केवळ शाळकरी चूक नव्हे. २००१ च्या नोव्हेंबरात खुद्द ॲपलने आयट्यून्स २.० बाहेर काढले. जुनी आवृत्ती पुसण्याची आज्ञा त्याच्या स्थापकात होती, पण नावातील रिकाम्या जागेची काळजी घेतलेली नव्हती. ज्यांच्या डिस्कच्या नावात अशी रिकामी जागा होती त्यांपैकी काहींच्या डिस्कवरील माहितीच पुसली गेली. ॲपलने ती प्रत तातडीने मागे घेऊन २.०.१ दिली. म्हणून आपल्या कक्षात नियम असा की जुने कमांडलाईनटूल्स फोल्डर फाइंडरमधून हाताने कचरापेटीत ओढावे, परवलीचा शब्द द्यावा, नवी साधने चालू झाल्यावरच कचरापेटी रिकामी करावी. वेळ थोडा जास्त लागतो.

हे आम्ही इतक्या ठासून सांगतो, कारण आमचा अपराध याच ठिकाणी आहे.

पायथन आपण होमब्रू नावाच्या व्यवस्थेमार्फत बसवितो. मॅक्स हॉवेल यांनी २००९ मध्ये ती सुरू केली. ॲपल जी मोफत साधने स्वतः देत नाही ती हवी तेव्हा आणून देणारा हा भांडारी आहे. मॅकओएस १२.३ मध्ये, म्हणजे २०२२ च्या मार्चमध्ये, ॲपलने जुने पायथन २.७ काढून टाकले, तेव्हापासून याची गरज अधिकच भासते. भांडाऱ्याला स्वतःला लहान पेटी लागते, म्हणून क्रम असा : प्रथम कार्यप्रणाली, मग कमांड लाईन टूल्स, मग 'ब्रू अपडेट', 'ब्रू अपग्रेड', आणि शेवटी 'ब्रू डॉक्टर', जो काय दुखते ते सांगतो. डॉक्टरच्या सर्वच इशाऱ्यांनी घाबरून जाऊ नये. साधने नीट चालत असतील तर पुष्कळसे इशारे वाचून सोडून द्यावेत.

पहिल्या यंत्रावर आम्ही हा क्रम पाळला नाही. आम्ही सांगितले, सर्व जुने काढा आणि नवे बसवा. त्यामुळे पायथनही नवे आले. परंतु प्रत्येक प्रकल्पासाठी आपण 'व्हीएन्व्ह' नावाचे एक वेगळे फोल्डर करतो. त्यात त्या प्रकल्पापुरत्या लायब्ऱ्या, जसे आलेख काढणारी मॅटप्लॉटलिब, असतात, आणि आत जुन्या पायथनचा पत्ता असतो. जुने पायथन गेले की ते फोल्डर निरुपयोगी होते. पुस्तकात स्पष्ट लिहिले आहे की असे फोल्डर दुरुस्त करीत बसू नये, पुसून नवे करावे. आम्ही ते वाचले होते. आम्ही स्वतः बसलो, स्वतः 'आरएम' लिहिले, आणि ते फोल्डर पुसले.

त्या मुलींनी आपला कार्यक्रम त्याच फोल्डरच्या आत ठेवला होता.

त्यांचे चुकले असे म्हणता येईल, परंतु त्यांना तसे न करण्यास कोणीच शिकविले नव्हते. आत काय आहे हे उघडून पाहण्यास आम्हांला अर्धे मिनिट लागले असते. टाईम मशीन ही मॅकमधील राखीव प्रतीची सोय त्या यंत्रावर चालू नव्हती, तिच्यासाठी लागणारी बाहेरची डिस्क आमच्याच कपाटात वर्षभर बंद पडून होती. गिट शिकविले होते, पण नोंद दुसऱ्या कोठेही पाठविलेली नव्हती, गिटची वहीसुद्धा त्याच फोल्डरात होती. आम्ही त्या दोघींना बोलावून काय झाले ते सांगितले. एकीच्या डोळ्यांत पाणी आले. दुसरी थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "सर, पावसाचं रजिस्टर आहे ना? मग होईल."

पावसाच्या नोंदी कागदी रजिस्टरात होत्या, आणि कार्यक्रमाची एक जुनी छापील प्रत प्रकल्पवहीत चिकटविलेली होती. ती दोन आवृत्त्या मागची. तीन संध्याकाळी दोघींच्या माता शाळेत येऊन बसल्या, आम्हीही बसलो, अंक वाचून दाखविण्याचे काम आमच्याकडे होते. प्रदर्शनाच्या सकाळी आलेख उभा राहिला. रंग पूर्वीइतके चांगले नव्हते, आणि तिसऱ्या वर्षाचे दोन महिने भरावयाचे राहून गेले. पाहुण्यांनी त्या रिकाम्या जागेविषयी विचारले तेव्हा मुलींनी आमचे नाव न घेता 'नोंद उपलब्ध नाही' असे सांगितले. नोंद उपलब्ध होती. आज ते येथे लिहीत आहोत.

त्यानंतर कक्षात ठरलेली पद्धत अशी. मुलांचे लिखाण एका फोल्डरात, व्हीएन्व्ह त्याच्या बाहेर शेजारी. कोणत्या लायब्ऱ्या बसविल्या आहेत त्यांची यादी 'पिप फ्रीझ' या आज्ञेने काढून लिखाणाच्या फोल्डरात ठेवावयाची, म्हणजे व्हीएन्व्ह पुसले तरी त्या यादीवरून ते पुन्हा उभे करता येते. होमब्रूची यादी 'ब्रू बंडल डंप' काढून देतो. मोठ्या बदलापूर्वी टाईम मशीनची प्रत. आणि परीक्षा किंवा प्रदर्शन यांच्या आधी पंधरा दिवस कोणत्याही यंत्रावर कार्यप्रणालीची मोठी आवृत्ती चढवावयाची नाही, मग मुख्याध्यापकांनी सांगितले तरीही. सुरक्षेसाठी येणाऱ्या लहान दुरुस्त्या याला अपवाद. त्या थांबवू नयेत.

त्या धावपळीत एका पालकांनी आस्थेने एक पेनड्राईव्ह देऊ केला. त्यात कोणीतरी उतरविलेले एक्सकोड होते. आपल्याकडील इंटरनेटची गती पाहून मोह होणे साहजिक होते. आम्ही आभार मानून तो परत केला, त्यांनी राग मानला नसावा अशी आशा आहे. २०१५ च्या सप्टेंबरात चीनमध्ये नेमके हेच घडले. ॲपलकडून एक्सकोड उतरण्यास फार वेळ लागतो म्हणून तेथील काही विकसकांनी बायडूच्या फाइल-सेवेवर कोणी ठेवलेल्या प्रती घेतल्या. त्या प्रतींत छुपा मजकूर घातलेला होता. अशा अवजाराने जे ॲप बनवावे त्यात तो आपोआप शिरे, बनविणाऱ्याला पत्ताही लागत नसे. वुईचॅटसारख्या लोकप्रिय ॲपची एक आवृत्तीही त्यात सापडली. ॲपलला अशी ॲप्स दुकानातून काढावी लागली. या प्रकाराला एक्सकोडघोस्ट म्हणतात. अनोळखी प्रत चालविण्यापूर्वी मॅक इशारा देतो, पण लोकांनी ती राखणच बंद केली होती.

पेनड्राईव्ह वापरण्यास हरकत नाही, मात्र त्यातील वस्तू आपण स्वतः ॲपलच्या संकेतस्थळावरून घेतलेली असावी. एकदा उतरवून घेतलेली लहान पेटी त्याच जोगत्या कार्यप्रणालीच्या सर्व यंत्रांवर चालते. याशिवाय मॅकमध्ये 'कंटेंट कॅशिंग' नावाची सोय आहे. ती एका यंत्रावर चालू केली की कार्यप्रणालीच्या सुधारणा व ॲप स्टोअरवरील वस्तू एकदाच बाहेरून येतात व बाकीची यंत्रे शेजारून घेतात. ही सोय आपण जानेवारीपासून चालू केली आहे.

विश्वस्त मंडळींनी विचारले होते की सर्वच यंत्रे आता बदलावी लागतील काय. आमचे मत सांगतो. आपले चार मॅक मिनी २०१८ च्या बनावटीचे, इंटेलचे आहेत. त्यांची धाव सिकोयापर्यंत, म्हणजे आवृत्ती १५ पर्यंत आहे. २०२५ च्या सप्टेंबरात आलेली टाहो आवृत्ती त्यांवर चढत नाही. तिचा क्रमांक २६ आहे. मध्ये दहा आवृत्त्या कोठे गेल्या असे मुलांनी विचारले. कोठेही गेल्या नाहीत, ॲपलने वर्षावरून क्रमांक देण्यास सुरुवात केली, एक्सकोडही त्याच वेळी १६ वरून २६ झाले. एक्सकोड २६ सिकोया १५.६ वर चालू शकते. पायथन, सी व संकेतस्थळ बनविण्याचा आपला अभ्यासक्रम या चारही यंत्रांवर आणखी काही काळ सुखाने चालेल. तेव्हा मुलांच्या पुस्तकांचा व गच्चीच्या दुरुस्तीचा खर्च पुढे ढकलून यंत्रे घेऊ नयेत. मात्र ॲपलने जाहीर केले आहे की टाहो ही इंटेल यंत्रांसाठीची शेवटची आवृत्ती. येत्या दोन अंदाजपत्रकांत दरवर्षी एका नव्या यंत्राची तरतूद असावी.

पाचवे यंत्र माजी विद्यार्थ्याने दिलेले, एम-१ चिपचे आहे. ही चिप २०२० च्या नोव्हेंबरात आली. त्यावर जुन्या यंत्रातील सर्व वस्तू स्थलांतर-सहायकाने जशाच्या तशा आणल्या गेल्या, आणि त्यांबरोबर इंटेलसाठीचे होमब्रूही आले. इंटेलवर होमब्रूचे घर 'यूएसआर'मधील 'लोकल' येथे असते, एम-चिपवर 'ऑप्ट'मधील 'होमब्रू' येथे. जुने घर नव्या यंत्रावर रोझेटा या दुभाष्याच्या मदतीने चालते खरे, पण सावकाश, आणि नव्या-जुन्याची सरमिसळ झाली की कोणते पायथन कोणाचे हे कळेनासे होते. 'व्हिच ब्रू' असे विचारल्यास कोणते घर ते समजते. येथे अद्ययावत करण्यात अर्थ नाही. यादी काढून घ्यावी, होमब्रू नव्याने बसवावे, 'ब्रू बंडल' त्या यादीवरून सर्व आणून देईल. हे काम आम्ही मुद्दाम शिल्लक ठेवले आहे. येत्या दुसऱ्या शनिवारी दुपारी दोन वाजता त्या दोन मुली ते स्वतः करून दाखवतील. आठवी व नववीच्या विद्यार्थ्यांनी वही घेऊन यावे, पालकांनाही येता येईल. त्यांनी आम्हांला एकच अट घातली आहे, ती म्हणजे कळफलकाला आम्ही हात लावावयाचा नाही.